निवेदक बदलला तेव्हा : युद्धकायद्याचे एक वाचन

कायद्याचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. जिनिव्हा करार पहिल्यांदा वाचायला घेतले ते शब्दकोश शेजारी ठेवून आणि कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्या माणसाच्या सवयीने. परिच्छेद आला की मनात विचारायचे : हे कोण सांगते आहे? कुठे उभे राहून सांगते आहे? तिथून त्याला काय दिसते आणि काय दिसत नाही? कथासमीक्षेत हा प्रश्न इतका प्राथमिक आहे की तो विचारल्याबद्दल कोणी शाबासकी देणार नाही. कायद्याला मात्र तो फारसा कोणी विचारत नाही. गेली काही वर्षे हे वाचन चालू आहे आणि त्यातून माझे एक मत बनले आहे. युद्धकायदा जन्मला तो जखमी माणसाच्या उशाशी. आज तो जग पाहतो ते हल्ला करणाऱ्याच्या डोळ्यांनी. हा निवेदक कधी बदलला आणि त्या बदलाची किंमत कोणी मोजली, ते या लेखात तपासायचे आहे.

युद्धकायदा म्हटले की आज वाचकाच्या डोळ्यांपुढे युक्रेन, गाझा, सुदान येणार. ती उदाहरणे मी मुद्दाम घेतलेली नाहीत. तिथली बरीच कागदपत्रे अजून बंद कपाटांत आहेत आणि आपण सगळे आपापली बाजू आधीच धरून बसलो आहोत. मी घेतो आहे ते अफगाणिस्तानातले कुंदुझ. तिथल्या एका रात्रीबद्दल हल्ला करणाऱ्यांचा अहवाल उपलब्ध आहे आणि ज्यांच्यावर हल्ला झाला त्यांचाही. घटना एक, निवेदक दोन. पण कुंदुझला जाण्याआधी इटलीतल्या एका गावात थोडे थांबावे लागेल, कारण या कायद्याची सुरुवात तिथे लिहिल्या गेलेल्या एका पुस्तकापासून होते.

आंरी द्युनां, म्हणजे आपल्या शालेय पुस्तकांतला हेन्री ड्युनंट, हा जिनिव्हाचा व्यापारी. अल्जीरियात त्याने गिरणीचा व्यवसाय मांडला होता आणि त्यासाठी हवी असलेली जमीन व पाण्याची परवानगी काही मिळत नव्हती. थेट फ्रान्सच्या सम्राटालाच, तिसऱ्या नेपोलियनला, गाठावे म्हणून तो निघाला. सम्राट तेव्हा उत्तर इटलीत ऑस्ट्रियाशी लढत होता. २४ जून १८५९ रोजी सोल्फेरिनोची लढाई झाली आणि द्युनां शेजारच्या कास्तिल्योने गावात पोचला तेव्हा तिथे जखमींचे लोंढे येत होते. पुढचे काही दिवस त्याने चर्चच्या फरशीवर पडलेल्या माणसांना पाणी पाजण्यात, जखमा धुण्यात आणि मरणाऱ्यांचे निरोप लिहून घेण्यात घालवले. तीन वर्षांनी, १८६२ मध्ये, त्याने स्वखर्चाने एक छोटे पुस्तक छापले, ‘सोल्फेरिनोची एक आठवण’. प्रती १६००. विकायला नव्हेतच, राजे, सेनापती आणि परोपकारी मंडळींना वाटायला.

हे पुस्तक आज वाचले जाते ते कमी आणि नमस्कार केला जातो तो जास्त. वाचायला घेतले की पहिलाच धक्का बसतो तो असा की त्याचा पहिला भाग चक्क कंटाळवाणा आहे. पलटणींची नावे, सेनापतींची नावे, कोणत्या टेकडीवर कोणी चाल केली, कोणाचे शौर्य किती थोर. हे द्युनांने स्वतः पाहिलेले नव्हते. इतरांकडून ऐकून आणि वाचून लिहिले होते. इथला निवेदक उंचावर आहे. त्याला सैन्ये दिसतात, माणसे दिसत नाहीत. नंतर तो गावात शिरतो आणि पुस्तकाचा श्वासच बदलतो. आता निवेदकाला दहा पावलांपलीकडचे काही दिसत नाही. पेंढा, माश्या, उन्हाळा, तहान, कुजलेल्या जखमा, पाणी आणणारी पोरे, आणि हा शत्रूचा की आपला हे न पाहता सर्वांची सेवा करणाऱ्या गावच्या बायका. एका वेळी एक माणूस. पहिला भाग गाळून टाकावा असे मला आधी वाटत असे. आता वाटत नाही. उंचावरून जे भव्य दिसले तेच जमिनीवर काय होते, हे कळण्यासाठी आधी वाचकाला वर चढवावे लागते. द्युनां काही मुरलेला लेखक नव्हता; हे त्याने ठरवून केले असेल असे मी म्हणणार नाही. पण झाले आहे खरे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हे पुस्तक युद्धाच्या विरोधात नाही. युद्ध कोणी सुरू केले, कोणाची बाजू न्याय्य, यात ते पडतच नाही. शेवटच्या भागात लेखक एवढेच मागतो की शांततेच्या काळातच जखमींच्या सेवेसाठी मंडळे तयार ठेवावीत आणि राष्ट्रांनी मिळून त्यांना मान्यता द्यावी. या मागणीतून १८६३ मध्ये जिनिव्हात पाच जणांची समिती उभी राहिली, तिचीच पुढे रेड क्रॉस झाली, आणि २२ ऑगस्ट १८६४ रोजी १२ राष्ट्रांनी पहिल्या जिनिव्हा करारावर सह्या केल्या. त्यात अवघी दहा कलमे होती. त्यांतले पाचवे मला फार आवडते. ज्या घरात जखमीला आसरा दिला आहे त्या घराला जखमीच्या असण्यानेच संरक्षण मिळते, आणि त्या घरमालकावर सैनिकांना मुक्कामाला ठेवून घेण्याची सक्ती करायची नाही, अशी त्यात तरतूद होती. कायदा इथे घराच्या आतून बोलतो आहे. अंथरूण, उंबरठा, बाहेर आलेले शिपाई, या क्रमाने त्याला जग दिसते.

द्युनांचे पुढे काय झाले ते थोडक्यात. १८६७ मध्ये त्याचे दिवाळे निघाले, जिनिव्हाच्या प्रतिष्ठित समाजाने त्याला दूर केले, आणि तो विस्मरणात गेला. १९०१ चे पहिले शांततेचे नोबेल त्याला फ्रेदेरिक पासी यांच्याबरोबर विभागून मिळाले, तेव्हा तो स्वित्झर्लंडमधल्या हायडेन गावी एका रुग्णालयाच्या खोलीत राहत होता.

नंतरच्या काळात युद्ध रणांगण सोडून गावात शिरले आणि आकाशात गेले. कायदा त्याच्या मागून धापा टाकत आला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १२ ऑगस्ट १९४९ रोजी, चार जिनिव्हा करार झाले आणि त्यांतला चौथा प्रथमच केवळ नागरिकांसाठी होता. त्याच्या १८ व्या कलमाने नागरी रुग्णालयांवर हल्ला निषिद्ध केला. १९ वे कलम सांगते की रुग्णालयातून शत्रूला अपाय करणारी कृत्ये होत असतील तरच हे संरक्षण जाते, तेही आधी इशारा देऊन, सावरायला वेळ देऊन. आणि आजारी वा जखमी सैनिक तिथे उपचार घेत आहेत हे काही अपायकारक कृत्य होत नाही. कुंदुझला पोचल्यावर हे वाक्य आपल्याला लागणार आहे.

१९४९ च्या करारांत एक मोठी फट राहिली होती. ज्यांची शहरे जळली होती आणि ज्यांनी दुसऱ्यांची शहरे जाळली होती, अशा राष्ट्रांनी मिळून लिहिलेल्या या करारांत विमानातून होणाऱ्या बॉम्बफेकीबद्दल जवळपास मौन होते. ते मौन तुटले १९७७ च्या पहिल्या पूरक करारात. लढणारा आणि न लढणारा यांत भेद करा. मिळणाऱ्या लष्करी लाभाच्या मानाने नागरिकांची हानी अतिरेकी होणार असेल तर हल्ला करू नका. हल्ल्यापूर्वी शक्य ती सर्व खबरदारी घ्या. युद्धकायद्याची ही तीन मोठी तत्त्वे तिथे लेखी झाली. त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. पण वाक्यरचना पाहा. कलमांचा कर्ता आता हल्ल्याची आखणी करणारा, निर्णय घेणारा माणूस आहे. तुलना करायची ती अपेक्षित हानी आणि अपेक्षित लाभ यांची. अपेक्षा कोणाची? त्याचीच. प्रत्यक्षात किती मेले यापेक्षा किती मरतील असे त्याला वाटले होते, हे महत्त्वाचे ठरते.

मराठीत या तत्त्वासाठी ‘प्रमाणबद्धता’ हा शब्द काही ठिकाणी वापरलेला दिसतो. तो वाचला की मला एखाद्या शिल्पाची आठवण होते. ‘आनुषंगिक हानी’ हा आणखी एक. मूळ इंग्रजी शब्द जितका गुळगुळीत, तितकेच हे भाषांतरही. मुख्य कामाच्या ओघात सहज घडलेले ते आनुषंगिक. मेलेल्याच्या घरी हा शब्द उच्चारून दाखवावा.

न्यायाने बोलायचे तर हा बदल अटळ होता. सेनापतीला आवरायचे तर त्याच्याशीच बोलावे लागणार, त्याला ज्या क्षणी निर्णय घ्यायचा आहे त्या क्षणाच्या भाषेत. अडचण सुरू होते ती पुढच्या पायरीवर, जेव्हा ज्याला उद्देशून कायदा बोलतो त्याच्याच नजरेने तो नंतर न्यायही करू लागतो. या पायरीला कायद्याच्या अभ्यासात एक नावही आहे, रेंडुलिच नियम. १९४४ च्या अखेरीस जर्मन सेनापती लोथार रेंडुलिच याने माघार घेताना उत्तर नॉर्वेतला फिनमार्क प्रांत जाळत नेला. ऐन हिवाळ्याच्या तोंडावर घरे जाळली, लोकांना हुसकावून लावले. पाठीवर सोव्हिएत फौजा येत आहेत अशी त्याची समजूत होती. त्याने धरली होती तशी चाल प्रत्यक्षात झाली नाही. १९४८ मध्ये न्युरेंबर्गच्या अमेरिकी न्यायासनाने इतर गुन्ह्यांसाठी त्याला वीस वर्षांची शिक्षा दिली, पण या आरोपातून सोडले. तर्क असा की नंतर कळलेल्या गोष्टींवरून त्याला जोखता येणार नाही; त्या वेळी त्याला जे दिसत होते त्यावरूनच जोखले पाहिजे.

हा तर्क मी अनेकदा उलटसुलट करून पाहिला. तो चुकीचा म्हणता येत नाही. मागाहून आलेल्या शहाणपणाने कोणालाही फासावर चढवू नये, हे साध्या फौजदारी न्यायातही आपण मानतो. पण त्याचा एक परिणाम असा होतो की निर्णय घेणाऱ्याला जितके कमी माहीत, तितका तो सुरक्षित. अज्ञान हे चिलखत होते. आणि आता आपण कुंदुझला जाऊ शकतो.

उत्तर अफगाणिस्तानातल्या या शहराच्या वाट्याला ही गोष्ट दोनदा आली. पहिल्यांदा ४ सप्टेंबर २००९ रोजी. तालिबानने पळवलेले इंधनाचे दोन टँकर कुंदुझ नदीच्या वाळूत रुतले होते आणि आजूबाजूच्या गावांतले लोक ते इंधन भरून न्यायला जमले होते. तिथे असलेल्या जर्मन तळाच्या कर्नलने अमेरिकी विमानांना बॉम्ब टाकायला सांगितले. आधी खालून घिरटी घालून लोकांना पांगवावे, असे वैमानिकांनी सुचवले होते. ते मानले गेले नाही. तिथे फक्त बंडखोर आहेत असे एका खबऱ्याने सांगितले होते. मृतांचा आकडा शंभराच्या आसपास आहे आणि त्यांत मुलेही होती. जर्मनीच्या सरकारी अभियोक्त्यांनी २०१० मध्ये चौकशी बंद केली, कारण तिथे नागरिक आहेत हे कर्नलला माहीत होते असे सिद्ध होत नव्हते. दोन मुलगे गमावलेला एक बाप हे प्रकरण घेऊन स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला. जर्मनीने चौकशी पुरेशी केली होती, असा निकाल फेब्रुवारी २०२१ मध्ये लागला. कर्नल दरम्यान ब्रिगेडियर जनरल झाला होता.

दुसरी घटना अधिक तपशिलाने पाहायला हवी.

‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ या संस्थेने २०११ पासून कुंदुझमध्ये अपघात व युद्धजखमांचे रुग्णालय चालवले होते. उपचार मोफत, शस्त्र फाटकाबाहेर, आणि कोणत्या बाजूचा हा प्रश्न नाही. कास्तिल्योनेच्या बायकांचीच ही रीत. २८ सप्टेंबर २०१५ रोजी तालिबानने शहर घेतले. दुसऱ्याच दिवशी संस्थेने रुग्णालयाचे अचूक अक्षांश-रेखांश अमेरिकी व अफगाण अधिकाऱ्यांना पुन्हा कळवले. ३ ऑक्टोबरच्या रात्री आत १०५ रुग्ण होते. त्यांत सुमारे वीस जखमी तालिबानी आणि तीन-चार सरकारी सैनिक. (१९ वे कलम इथे आठवावे.) शहर अंधारात होते. जनरेटरवर शस्त्रक्रिया चालू असल्यामुळे या इमारतीत मात्र दिवे होते.

पहाटे दोन वाजून आठ मिनिटांनी अमेरिकेच्या एसी-१३० विमानाने मुख्य इमारतीवर तोफगोळे टाकायला सुरुवात केली. अमेरिकी लष्कराच्या हिशेबाने हे सुमारे अर्धा तास चालले, संस्थेच्या हिशेबाने तासाभराहून जास्त. ४२ माणसे मेली. २४ रुग्ण, १४ कर्मचारी, ४ रुग्णांचे नातेवाईक.

हे कसे घडले ते सांगणारा अमेरिकी चौकशीचा अहवाल ३,००० पानांहून मोठा आहे. एप्रिल २०१६ मध्ये तो जाहीर झाला तेव्हा कितीतरी ओळींवर काळे पट्टे होते. तरीही जे वाचता येते ते बारकाईने लिहिलेले आहे आणि त्यात फारशी लपवाछपवी आहे असे मला वाटले नाही. विमान ठरल्यापेक्षा ६९ मिनिटे आधी उडाले, त्यामुळे कर्मचाऱ्यांना पूर्ण माहिती मिळाली नाही आणि हल्ला करू नये अशा जागांची यादीही त्यांच्याकडे नव्हती. उडाल्यावर संदेशयंत्रणा बिघडली. क्षेपणास्त्राचा धोका वाटून विमान दूर सरकले आणि तिथून दिलेले अक्षांश-रेखांश एका मोकळ्या मैदानावर पडू लागले. मग तोंडी वर्णनाशी जुळणारी जवळची मोठी इमारत शोधली गेली. खरे लक्ष्य होते अफगाण गुप्तचर खात्याची, तालिबानने बळकावलेली इमारत, सुमारे चारशे मीटरवर. सापडले ते रुग्णालय. विमान मूळ जागी परतल्यावर यंत्राने योग्य इमारत दाखवली, पण तोवर नजर जिथे बसली होती तिथेच ती राहिली. गोळीबाराच्या मिनिटभर आधी विमानातून बाग्रामच्या मुख्यालयाला आपण कुठे मारतो आहोत त्याचे अक्षांश-रेखांश कळवले गेले. ते रुग्णालयाचे होते. मुख्यालयाकडे निषिद्ध जागांची यादी होती. कोणी ताडून पाहिले नाही.

आता निवेदनाची रीत पाहा. प्रत्येक वाक्य वरच्या माणसाला काय दिसले, काय कळले, काय कळले नाही, याबद्दल आहे. विमान, यंत्र, संदेश, आकडे. हा द्युनांच्या पहिल्या भागातला उंचावरचा निवेदक आहे, फक्त आता त्याच्याकडे अंधारात पाहणारे कॅमेरे आहेत. द्युनां पुढे खाली उतरला. हा अहवाल उतरत नाही, आणि त्याचे कामही ते नव्हते. पण न्याय जर याच अहवालावर थांबणार असेल तर खाली काय झाले त्याची नोंद न्यायाच्या हिशेबात येणार कुठून?

निष्कर्ष असा निघाला की काही जणांनी गोळीबाराचे नियम आणि युद्धकायदाही मोडला, परंतु हा युद्धगुन्हा नाही, कारण युद्धगुन्ह्याला हेतू लागतो आणि रुग्णालयावर मारायचा कोणाचाच हेतू नव्हता. एका जनरल दर्जाच्या अधिकाऱ्यासह १६ जणांवर प्रशासकीय कारवाई झाली : पदावरून दूर करणे, लेखी ताकीद, फेरप्रशिक्षण वगैरे. फौजदारी खटला एकही नाही. मृताच्या घरी ६,००० डॉलर, जखमीला ३,००० डॉलर. ही भरपाई नव्हती, सांत्वनपर रक्कम होती. हा फरक महत्त्वाचा. भरपाई द्यायची तर कोणाचा तरी हक्क मान्य करावा लागतो.

हेतू नव्हता हे मी मानतो. पण हेतू आणि निव्वळ चूक यांच्यामध्ये बेपर्वाई नावाचा एक मोठा प्रदेश आहे आणि कायद्याला तो अगदीच अनोळखी नाही. सारायेवोच्या वेढ्याबद्दल जनरल गालिच याच्यावर चाललेल्या खटल्यात युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये म्हटले होते की परिणामांची पर्वा न करता केलेला हल्लाही हेतुपूर्वकच धरता येतो. हे मत सर्वत्र रुजले असते तर यादी न घेता उडणे आणि आकडे न ताडणे यांचा विचार वेगळ्या दालनात झाला असता. रोमचा करार मात्र हेतू आणि जाणीव या दोन खांबांवर उभा आहे. शिवाय आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्त्यांनी २०२१ मध्ये अफगाणिस्तानच्या तपासात तालिबान व इस्लामिक स्टेटवरच लक्ष केंद्रित करायचे ठरवले आणि अमेरिकी कृत्ये मागे ठेवली.

संस्थेची मागणी शिक्षेची नव्हतीच मुळी. तिला हवी होती ती त्रयस्थाकडून चौकशी, म्हणजे तिसरा निवेदक. त्यासाठी एक व्यवस्था कागदावर तयारही होती. १९७७ च्या करारातल्या ९० व्या कलमानुसार १९९१ पासून बर्न शहरात एक आंतरराष्ट्रीय तथ्यशोधन आयोग आहे. तोवर एकाही घटनेची चौकशी त्याने केलेली नव्हती. आयोगाने तयारी दाखवली, पण त्याला दोन्ही सरकारांची संमती लागते. ना वॉशिंग्टनने ती दिली, ना काबूलने. पुढच्या मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने युद्धातील वैद्यकीय सेवेच्या संरक्षणाचा ठराव एकमताने केला.

आपल्याला यात हसण्यासारखे काही नाही. १९७७ च्या पूरक करारांत भारत आजतागायत सामील झालेला नाही. १९४९ चे करार आपण मान्य केले आणि १९६० मध्ये त्यासाठी कायदाही केला; पण त्या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय घेऊ शकते ती फक्त सरकारने तक्रार केली तर. १९६१ साली गोवा भारतात आल्यानंतर पोर्तुगीज नागरिकत्व न सोडलेल्या तिथल्या एका ख्रिस्ती धर्मगुरूने चौथ्या जिनिव्हा कराराचा आधार घेऊन संरक्षण मागितले होते. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारताना हेही नमूद केले की हा कायदा न्यायालयाकडे येण्याचा स्वतंत्र हक्क कोणाला देत नाही. त्या खटल्याचा निकाल बरोबर होता की नाही हा वेगळा विषय. मला त्यात दिसते ते एवढेच की इथेही बोलण्याचा अधिकार राज्याकडे आहे. ज्याच्यावर बेतते तो माणूस आपल्या कायद्यातही तृतीयपुरुषी आहे.

या टप्प्यावर कोणीतरी हमखास म्हणतो की हे सगळे आपल्याकडे आधीच होते. होते, हे खरे. भीष्मपर्वाच्या आरंभी दोन्ही पक्ष नियम ठरवतात : रथीने रथ्याशीच लढावे, पाठ फिरवलेल्याला, निःशस्त्राला मारू नये, ओझी वाहणाऱ्यांवर आणि शंख-भेरी वाजवणाऱ्यांवर शस्त्र उचलू नये. आणि अठरा दिवसांत यांतले जवळपास सगळे मोडतात. अभिमान सांगणारी मंडळी भीष्मपर्वावर थांबतात; त्यांनी सौप्तिकपर्वापर्यंत यायला हवे. तिथे वडाखाली जागा असलेला अश्वत्थामा एका घुबडाला झोपलेले कावळे मारताना पाहतो आणि त्याला युक्ती सुचते. झोपलेल्यांना मारू नये, असे कृप सांगतो. अश्वत्थाम्याचे उत्तर असे की नियम आधी त्यांनी मोडले. आधुनिक कायद्याने खरोखर एक पाऊल पुढे टाकले असेल तर ते इथे. समोरच्याने नियम मोडला म्हणून तुझी नागरिकांबद्दलची बांधिलकी सुटत नाही, असे १९७७ चा करार स्पष्ट सांगतो. अश्वत्थाम्याचा युक्तिवाद त्याने लेखी नाकारला आहे.

पण अश्वत्थाम्याला माहीत होते की तो कोणाला मारतो आहे. आजच्या कायद्याच्या जाळ्यात तो सहज सापडेल. कुंदुझवरच्या विमानातली माणसे अश्वत्थामा नव्हती, म्हणूनच ती त्या जाळ्यातून निसटली. सौप्तिकपर्वात मला जास्त महत्त्वाचे वाटते ते निवेदनाचे. संपूर्ण युद्ध संजयाने दिव्यदृष्टीने पाहून धृतराष्ट्राला सांगितले आहे. दुर्योधन मरतो आणि संजय म्हणतो की ती दृष्टी आता गेली. लगेच पुढच्याच अध्यायात शिबिरातून कसाबसा वाचलेला धृष्टद्युम्नाचा सारथी युधिष्ठिरापुढे येऊन रात्री काय झाले ते सांगतो. वरून सगळे पाहणारा थांबतो आणि खालून वाचून आलेला बोलू लागतो. महाकाव्याने ही जागा सारथ्याला दिली आहे. कायद्याने ती कोणालाच दिलेली नाही.

म्हणून कुंदुझच्या रुग्णालयाने स्वतःच आपला अहवाल लिहिला. नोव्हेंबर २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पाने थोडी आहेत. अतिदक्षता विभागातले हलू न शकणारे रुग्ण खाटेवरच जळाले, हे त्यात आहे. बाहेर पळणाऱ्यांवर वरून गोळ्या आल्या, हे आहे. डॉक्टरांनी आपल्याच सहकाऱ्याला कार्यालयातल्या टेबलावर ठेवून वाचवायचा प्रयत्न केला, हेही आहे. विशेषणे जवळजवळ नाहीत. द्युनांच्या दुसऱ्या भागानंतर युद्धकायद्याच्या वाङ्मयात इतके जमिनीलगतचे गद्य मी वाचलेले नाही.

त्यात काबूल आणि न्यूयॉर्कहून त्या रात्री केलेल्या फोन आणि संदेशांची वेळांसह यादी दिली आहे. २ वाजून १९ मिनिटांनी अमेरिकेच्या नेतृत्वाखालील लष्करी मोहिमेच्या मुख्यालयाला फोन : आमच्या रुग्णालयावर हवाई हल्ला होतो आहे. लगेच रेड क्रॉसला. मग अफगाण खात्यांना, संयुक्त राष्ट्रांना, वॉशिंग्टनला. २ वाजून ४७ मिनिटांनी काबूलहून मुख्यालयाला संदेश, की एक कर्मचारी मृत आहे आणि अनेकांचा पत्ता नाही. २ वाजून ५२ मिनिटांनी पलीकडून उत्तर येते : ऐकून वाईट वाटले, पण काय झाले ते मला अजून समजलेले नाही. २ वाजून ५६ मिनिटांनी पुन्हा संदेश, हल्ला थांबवा, मृतांची संख्या मोठी असावी. तीन मिनिटांनी उत्तर, की मी प्रयत्न करतो आणि तुम्हा सर्वांसाठी प्रार्थना करतो आहे.